खिडकीच्या सीटवरची देवी

शिदूबापूंना चहा पाजणं सोपं नव्हतं. माझ्या दुकानात दोन कप आले, की ते आपल्यापुढचा कप सोडून माझ्यापुढचा उचलायचे. मी हसलो तर म्हणायचे, "गरम कुटला हाय ते बघतूय." एकदा मी मुद्दाम त्यांच्यापुढचा कप आधीच उचलून तोंडाला लावला. त्यांनी उरलेल्या कपाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि "आज उपास हाय माजा" म्हणून मोकळे झाले. वरच्या खिशातून भेळेचा पुडा डोकावत होता, त्याचं त्यांना काही वाटलं नाही.

माझं दुकान विट्यात, बसस्टँडजवळच्या गाळ्यात आहे. रेल्वेची, विमानाची तिकिटं काढून देतो. एवढ्याशा गावात विमानाची तिकिटं कोण काढतं, असं बाहेरच्या माणसाला वाटेल. पण आमच्या भागात पाऊस बेताचा आणि माळ उदंड. त्यामुळं आज्या-पणज्यांच्या काळातच माणसं बाहेर पडली आणि सोनं-चांदी गाळायचा धंदा शिकली. सोनारानं मोडीत घेतलेले दागिने वितळवायचे, त्यातला तांब्या-पितळेचा मळ काढायचा आणि चोख लगड करून द्यायची. त्याला गलाई म्हणतात. केरळापासून आसामपर्यंत कुठल्याही सराफ पेठेच्या बोळात शिरा, एक भट्टी दिसेल आणि भट्टीमागं आमच्याकडचा माणूस. मेंढरामागं फिरणाऱ्यांची नातवंडं आता विमानातून फिरतात आणि यात्रेला, लग्नाला, मयतीला गावाकडं येतात. माझं पोट त्यांच्यावर चालतं.

शिदूबापू त्यातले जुने. माझ्याच गावचे. त्रिचूरच्या एका गल्लीत त्यांचं दुकान होतं. बुटका, काटक माणूस. भट्टीपुढं जन्म गेल्यानं भुवया कायमच्या होरपळलेल्या आणि तेजाबानं बोटांची टोकं पिवळी पडलेली. सदऱ्याच्या आत बंडी, आणि बंडीला आतून खिसे. ते खिसे त्यांच्या बायकोनं, मालनकाकींनी शिवलेले. पण कुठल्या खिशात काय आहे, हे काकींनाही ठाऊक नसायचं. मोटारीत बसताना बापू दाराजवळ बसत नसत, खानावळीत पाठ भिंतीला लावून बसत, आणि कुणी सहज विचारलं, "बापू, कुठं निघाला?" तर उत्तर ठरलेलं असायचं, "हे काय, हितंच."

त्यांना नावं ठेवणं सोपं होतं आणि आम्ही सगळे ठेवायचो. पण त्याला कारणही होतं. उमेदीत त्यांच्याबरोबर रेल्वेनं येणाऱ्या एका जोडीदाराला कुणीतरी प्रेमानं बिस्कीट दिलं होतं. तो जागा झाला तेव्हा अंगावर धोतर तेवढं राहिलं होतं. पेढीचा माल गेला, माणूस अब्रूनं खचला आणि पुन्हा कधी धंद्यावर गेला नाही. बापू ही गोष्ट सांगत नसत. मला ती काकींनी सांगितली. बापूंचं म्हणणं एवढंच असे, "इस्वास म्हंजी काय, तर तपासायचा आळस."

गुडघे बोलायला लागले, तेव्हा ते पहिल्यांदा विमानाचं तिकीट काढायला माझ्याकडं आले. खुर्ची फिरवून दाराकडं तोंड करून बसले आणि विचारलं, "पिशवी कुटं ठेवत्यात?"

"मोठी बॅग विमानाच्या पोटात जाते बापू. लहान आपल्याजवळ."

"पोटात राखण कोन करतंय?"

"कोण कशाला करील? कुलूप असतं की."

"आन कुलपाची राखण?"

माझं डोकं फिरलं. मी कंपनीचा नियमच काढून मराठीत वाचून दाखवला. सोनं, चांदी, रोकड, काचेच्या आणि नाजूक वस्तू पोटातल्या सामानात घालू नयेत, घातल्यास कंपनी जबाबदार नाही, त्या आपल्याबरोबर हातात ठेवाव्यात. मला वाटलं आता म्हातारा उठून जातो. पण त्यांनी तो नियम परत वाचायला लावला आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मी बघतच राहिलो.

"गड्या, ही मानसं खरी! सोताच सांगत्यात, आमच्याव इस्वास ठिवू नगा म्हनून. आजपतोर असं कोन बोललंय का?"

त्या दिवसापासून विमान कंपनीबद्दल त्यांना जो आदर वाटायला लागला, तो माझ्याबद्दल कधी वाटला नाही. हातातल्या पिशवीला सात किलोची मर्यादा आहे म्हटल्यावर ते पिशवी घेऊन आले, माझ्या काट्यावर ठेवली आणि मग सोबत आणलेल्या स्वतःच्या काट्यावर ठेवून माझा काटा तपासला. माझा काटा थोडा जड दाखवत होता. "तरीच," असं म्हणून ते गेले. कशावरून तरीच, ते आजवर मला कळलेलं नाही.

पुण्याच्या विमानतळावरची एक गोष्ट काकी नेहमी सांगायच्या, आणि तीही बापूंच्या समोर. तपासणीच्या रांगेत एका जवानानं यांची बोली ऐकली. तो साताऱ्याकडचा. आमच्या मुलखात घरटी एक माणूस पलटणीत, त्यामुळं असा कुणी भेटला की माणसं हरखतात. त्यानं आपुलकीनं विचारलं, "पाव्हणं, गाव कंचं म्हनायचं?"

बापू तोंडातल्या तोंडात म्हणाले, "शिराळा."

"आरं वा! माजी सासुरवाडी की! शिराळ्यात कुटल्या गल्लीत?"

बापू अडकले. पाठीमागं रांग, पुढं जवान, आणि पिशवी मशीनच्या पट्ट्यावरून पलीकडं निघालेली. तेवढ्यात यंत्र ओरडलं, कारण कमरेला चांदीचा करगोटा होता, आणि सासुरवाडीची चौकशी बाजूला पडली. काकी हसत हसत विचारायच्या, "आवं पर शिराळंच का सांगिटलं?" बापू गंभीरपणे सांगायचे, "नागपंचमीला तितं सारा मुलूख गोळा हुतूय. कोन कुनाला वळकतंय? आन गाववाला भेटला की जपून ऱ्हावं. त्येला आपलं घर म्हाईत असतंय."

काकी म्हणजे बापूंच्या अगदी उलट. गाडीत शेजारी बसलेल्या बाईला त्या घाट उतरेपर्यंत आपल्या लग्नापासूनची हकीकत सांगून टाकत. मला म्हणायच्या, "मला बघाय आलं तवा ह्येंनी माज्या तोंडाकडं बघिटलंच न्हाई. पायातलं पैंजण मागून घितलं, हातात धरून बघिटलं आन मगच हू म्हनलं." बापू यावर कधी चिडत नसत. "पैंजण चोख हुतं," एवढंच म्हणायचे, आणि काकी लाजायच्या. या वयातही लाजायच्या.

आता देवीचं सांगतो.

आमची देवी म्हणजे औंधच्या यमाईची धाकटी बहीण, असं गावात मानतात. औंधवाल्यांना हे नातं माहीत आहे की नाही, कोण जाणे. तिचा मुखवटा जुना, अभिषेकानं आणि घासण्यानं नाक पार बसलेलं. यात्रेआधी नवा चांदीचा मुखवटा करायचं ठरलं. वर्गणी नको, घरटी चांदीची एक वस्तू द्यायची, म्हणजे देवीच्या अंगात सगळं गाव असेल, अशी कल्पना निघाली. कल्पना चांगली होती. चांदी गाळायची तर माणूसही गावातच होता.

देवळात एक घमेलं ठेवलं. बायका जोडवी, पैंजण, पोरांचे वाळे, करंडे घेऊन आल्या. काहीजणी रडत होत्या, कारण त्या वस्तू आयांच्या, सासवांच्या होत्या. अशा वेळी दुसरा माणूस हात जोडून उभा राहिला असता. बापूंनी काय करावं? प्रत्येक वस्तू हातात घेतली, कानस मारली, तेजाबाचा थेंब सोडला आणि मग घमेल्यात टाकली. यात्रा कमिटीचे आण्णा, म्हणजे गावातले वजनदार गृहस्थ, त्यांच्या घरून आलेला करंडा बापूंनी बाजूला सारला आणि देवळात सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ही चांदी न्हाई. जर्मन हाय. न्या माघारी."

आण्णांनी तो करंडा सासऱ्याकडून आलेला असल्याचं सांगितलं. लोक हसले, आण्णाही हसले. मी त्यांच्या शेजारी होतो. ते हसणं काही चांगलं नव्हतं.

मालनकाकींनी शेवटी ते बघण्याच्या दिवशीचे पैंजण घमेल्यात ठेवले. बापूंनी तेही उचलले, त्यांनाही कानस मारली आणि मगच आत टाकले.

चांदी त्रिचूरला गेली. तिथं बापूंनी ती गाळली, चोख केली, आणि तिथल्याच एका कारागिराकडून मुखवटा ठोकून घेतला. कारागीर काम करी तितका वेळ बापू त्याच्यासमोर पाटावर बसून असत. काकी फोनवर म्हणाल्या, "जेवाय बी उठत न्हाईत. त्यो बिचारा हातोडी खाली ठिवाय भितूय."

मुखवटा झाल्यावर मला बापूंचा फोन आला. "देवी आनायची हाय. कशी आनायची?"

मुखवटा आतून पोकळ, पत्र्याचा. नाकाला, कानाला धक्का लागला की पोचा येणार. पोटातल्या सामानात तो घालायचा प्रश्नच नव्हता. नियमही नाही म्हणत होता आणि बापूही. मी म्हटलं, डोक्यावरच्या कप्प्यात ठेवू. "आन वरनं कुनी चाकाची पेटी ढकलली मंजी?" पुढच्या सीटखाली ठेवू. "देवी पायापाशी? तुजी जीब झडंल." मांडीवर घ्या म्हणावं, तर विमान उडताना आणि उतरताना मांडीवर सामान चालत नाही. शेवटी मी सांगितलं, नाजूक वस्तूसाठी जादा सीट घेता येते. तिकीट तुमच्याच नावावर निघतं, सामान पट्ट्यानं बांधायचं, आणि ते खिडकीलाच ठेवायचं, म्हणजे कुणाची वाट अडत नाही.



"माज्या नावाव दोन जागा? उद्या कुनी म्हनंल, शिदूनं दोन जाग्याव बसून परवास केला."

"कोण म्हणेल बापू?"

"आन खिडकीत कशाला? भाईरनं दिसंल की."

"बाहेर कोण आहे? ढग?"

ढगांचं त्यांना पटलं असावं. पण त्यांनी एक अट घातली. "तिकीट तू काडनार. मंग तू बी हिकडं ये, आन संगं चल. काय झालं तर मी कुनाला धरू?" असा मी ओलीस म्हणून केरळात गेलो.

नव्या मूर्तीचे, मुखवट्याचे डोळे प्रतिष्ठा होईपर्यंत उघडत नाहीत. आमच्याकडं तर तोंडही बघत नाहीत. बापूंनी मुखवटा हिरव्या खणात गुंडाळला होता, डोळ्यांवरून तांबडी पट्टी बांधली होती आणि सगळं एका चौकोनी पेटीवजा पिशवीत कापसात बसवलं होतं. ती पिशवी त्यांनी घरापासून कोचीच्या विमानतळापर्यंत जमिनीला टेकू दिली नाही. मी धरू का म्हटलं, तर काकींच्या हातात दिली आणि काकींकडून लगेच परत घेतली.

तपासणीच्या यंत्रात चांदीचा तेवढा गोळा काळाकुट्ट दिसला असणार. पट्टा थांबला. उघडा म्हणाले. बापू पिशवीवर दोन्ही हात ठेवून उभे राहिले. माझ्या गिऱ्हाइकांना मी नेहमी सांगतो की विमानतळावर वाद घालायचा नाही, आणि इथं माझाच माणूस मशीन अडवून उभा. मग बापू बोलायला लागले, आणि ते मल्याळम होतं. भरभर, खालच्या आवाजात, अगदी तिथलंच. आयुष्यभर त्यांना मी गावरान मराठीशिवाय बोलताना ऐकलं नव्हतं. एक तरुण महिला शिपाई पुढं आली. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग हातातले रबरी मोजे काढून टोपलीत टाकले, नवे मोजे घातले, पडद्याआडच्या टेबलावर पिशवी नेली आणि डोळ्यांवरची पट्टी न हलवता खण बाजूला सारला.

तपासायचं म्हणून तिनं एक कापडी पट्टी मुखवट्यावरून फिरवली. ती पट्टी यंत्रात घालतात, दारूगोळ्याचा अंश आहे का बघतात. यंत्रानं हिरवा दिवा दाखवला आणि ती पट्टी टाकणार, तोच बापूंनी हात पुढं केला.

"ती मला द्या."

सोनाराच्या दुकानातला केर विकत घेऊन, तो जाळून त्यातून चांदी काढणारा माणूस. देवीच्या अंगावरून फिरलेली चिंधी तो सोडील कशाला? शिपाई पोरगी हसली. तिनं ती त्यांच्या हातावर ठेवली, बापूंनी बंडीच्या कुठल्यातरी खिशात घातली. मग तिनं मुखवट्याला हात जोडले आणि खण जसा होता तसा बांधून दिला. मला हायसं वाटलं. खरं सांगायचं तर डोळ्यांत पाणी आलं.

विमानात देवी खिडकीला, मधे बापू, कडेला काकी. मी मागं. हवाई सुंदरीनं पट्टा लांब करायचा जोडपट्टा आणून दिला. बापूंनी तो स्वतः ओढून बघितला. काकी झोपल्या. बापूंचा हात सबंध वेळ पिशवीवर. पाणीसुद्धा घेतलं नाही. पुण्यात चाकं जमिनीला टेकली तसं काकी जाग्या झाल्या, बापूंवरून वाकून पिशवीला म्हणाल्या, "आई, पोचलो बगा." तिथून गाडीनं गाव गाठेपर्यंत बापूंनी शिरवळला चहाला थांबू दिलं नाही, साताऱ्यातही नाही.

गावात वाजतगाजत स्वागत झालं. मुखवटा गुरवाच्या ताब्यात दिला. गुरव म्हणजे आमच्या देवीचे पुजारी. त्यांनी प्रतिष्ठेआधी देवीला दुधापाण्यानं न्हाऊ घातलं आणि पुसताना त्यांना दिसलं. डाव्या कानामागं नखाएवढी जागा खरवडलेली होती. ताजी, लख्ख. गुरवांनी ते फक्त बायकोला सांगितलं. दिवेलागणीपर्यंत सगळ्या गावाला कळलं.

तोंडावर कुणी काही बोललं नाही. हीच तर आमच्या गावाची रीत. पारावर बापू आले की बोलणं उसाच्या तोडीवर जायचं. पण कानामागून चांदी काढली, ही गोष्ट घरोघर पोचली. कानामागूनच का काढली, तर दिसू नये म्हणून. वरून कानामागं दिसतंय, आत काय भरलंय कुणाला माहीत. आमची जोडवी कुठं आणि कुणाची जोडवी कुठं. आण्णा म्हणत होते, "म्या काय बोलत न्हाई. आमचा तर करंडाच जर्मनचा."

मी बापूंच्या घरी गेलो. ते ओट्यावर बसले होते, काकी आत. मी विचारलं, "बापू, हे काय आहे?"

"नमुना घितला," ते म्हणाले. "कारागिरानं मधी तांबं घातलं असतं तर? मुखवटा हातात आल्याव कानामागचा कीस काडला, तेजाबात टाकला. चांदी चोख हाय. आपल्या समद्या गावाची चोख हाय." हे सांगताना ते खूश झाले होते. गाव काय म्हणतंय हे त्यांच्यापर्यंत अजून नीट पोचलंच नव्हतं, की पोचूनही त्यांना त्यात चूक दिसत नव्हती, मला कळेना. माल हातात आला की नमुना काढायचा, हा गलाईचा पहिला धडा. समोरचा परका असो की सख्खा भाऊ. त्यांनी गावाच्या वतीनं देवी तपासून घेतली होती. फक्त गावाला सांगितलं नव्हतं. ते कुणालाच काही सांगत नसत.

आतून काकींचा आवाज आला. "मला तरी सांगायचं हुतं."

"तुला सांगिटलं असतं तर गुरवाच्या आदी गावाला कळलं असतं," बापू म्हणाले.

काकींनी आत भांडी आवरायला घेतली. एरवी बोलल्या असत्या.

मला एक साधा उपाय सुचला. विमानतळावर मुखवटा उघडला होता, पुसला होता, हे खरंच होतं. मी साक्षीला होतो. तपासणीत ओरखडा पडला म्हणून सांगावं. गावानं आनंदानं मानलं असतं, कारण दूरच्या माणसाला दोष द्यायला कुणाचं काय जातं? मी तसं म्हणालो.

बापूंनी माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं, जशी ते माझ्या चहाच्या कपाकडं बघत.

"त्या पोरीनं मोजं बदललं हुतं रं," ते म्हणाले. "तिच्या नावाव घालू?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच देवळात लोक बोलावले. उभे राहिले, आणि मी नमुना काढला, असं सरळ सांगितलं. कशासाठी काढला तेही सांगितलं. मग म्हणाले, "माज्याव इस्वास ठिवू नगा. विट्यातनं तुमच्या मनाचा गलाईवाला आना. माज्या भावकीतला नगो. त्येनं समद्यांच्या म्होरं तपासावं. कमी निघालं तर माजं घर हाय, शेत हाय."

देवळात चुळबूळ झाली. पुढं बसलेल्या एका म्हातारीनं हात हलवला. "आता देवीला परत कानस लावायची न्हाई. एक डाग पडला त्यो पडला."

ते बरोबरच होतं. देवी म्हणजे काय मोडीतला माल आहे? सगळ्यांनी माना डोलावल्या. मग आण्णा उठले, बापूंजवळ गेले आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवून मोठ्यानं म्हणाले, "कशाला तपासनी? आपला शिदू हाय. आमचा इस्वास हाय की!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. बापूंचा चेहरा मी बघितला. लोकांनी शिव्या दिल्या असत्या, त्यांच्या अंगावर धावून गेले असते, तरी तो एवढा पडला नसता.

"इस्वास नगो," ते म्हणाले. "आण्णा, पाया पडतो. तपासा."

"मिटलं म्हनलं न्हवं?" आण्णा हसले. "मोठ्या मनानं मिटवलं गावानं."

मला त्या दिवशी आण्णांचा संताप आला. आणि बापूंचाही आला. एवढ्या आयुष्यात एका माणसाजवळ तरी त्यांनी मन मोकळं केलं असतं, निदान काकींना कारागिराबद्दलची शंका बोलून दाखवली असती, तर आज कुणीतरी उठून म्हणालं असतं की मला ठाऊक होतं. घरी जाताना मी त्यांच्याबरोबर चालत होतो. ते एवढंच बोलले, "मिटलं न्हाई गड्या. झाकलं."

यात्रा झाल्यावर ते त्रिचूरला गेले. तिकीट माझ्याकडं काढलं नाही. पुढं गावाकडंही आले नाहीत, आणि वर्षभरात तिकडंच वारल्याचं कळलं. म्हणून मी त्यांना शेवटचं पाहिलं ते यात्रेच्या दिवशी.

देवी सजून बसली होती. डोळे उघडले होते, नाकात नथ होती, आणि खरंच सांगतो, असा मुखवटा आमच्या मुलखात दुसरा नसेल. दर्शनाची रांग देवळाबाहेर गेली होती. बापू रांगेत नव्हते. ते गाभाऱ्याच्या दारापाशी खांबाला टेकून उभे होते. मला वाटलं देवीकडं बघतायत. नीट पाहिलं तर त्यांची पाठ देवीकडं नव्हती आणि तोंडही नव्हतं. एकेक माणूस पुढं जात होता, हात जोडत होता, आणि बापू त्या माणसाच्या डोळ्यांकडं बघत होते. डोळे देवीच्या तोंडावर थांबतात, की कडेनं कानाकडं जातात. बहुतेकांचे कानाकडं जात होते. आण्णा तर चक्क वाकले.

मग मालनकाकींचा नंबर आला. त्यांनी ओटी भरली, हळदकुंकू वाहिलं, डोळे मिटून बराच वेळ हात जोडले. ओठ हलत होते. डोळे उघडले आणि निघताना, पाऊल उचलता उचलता, त्यांनी मान जराशी कलती करून कानामागं बघितलं.

वळल्या तर समोर बापू. काकींचं तोंड एवढंसं झालं. ताट हातात तसंच धरून त्या उभ्या राहिल्या. मागचे लोक पुढं सरका म्हणत होते.

बापूंनी त्यांच्या हातातलं ताट घेतलं.

"बरं केलंस," ते हळू म्हणाले. "कुनीतरी बघाय पायजेच हुतं."

आणि दुसऱ्या हातानं काकींचा दंड धरून त्यांनी त्यांना गर्दीतून वाट काढत बाहेर नेलं.